मृगाचं वाहन

आकाशस्थ ग्रहगोलांचा मानवी जीवनावर होणारा परिणाम अगाध आहे, आणि तो जाणून न घेता जो कृषीवल भुईत बी टाकतो तो डोळे असून आंधळा होय. हे वाक्य ‘सह्यसागर शेतकी पंचांगा’च्या पहिल्या पानावर गेली चौसष्ट वर्षं छापून येतं. त्याच्या खाली, याहून जाड अक्षरात, नायट्याच्या मलमाची जाहिरात असते. मलमही चौसष्ट वर्षांचंच. दोन्हींचा गुण येतो म्हणणारी माणसं जिल्ह्यात आहेत.

पंचांग छापतात चिपळूणला. नाटे बंदराचे बोटवाले ते भरती-ओहोटीच्या पानासाठी घेतात आणि उरलेल्यात सुकट बांधतात. घाटाच्या पायथ्याचे शेतकरी नक्षत्रांसाठी घेतात आणि भरती-ओहोटीच्या पानात तंबाखू बांधतात. असं ते पानापानाने सगळ्यांच्या उपयोगी पडतं. काळाप्रमाणे बदलतही आलं. एका सुमाराला त्यात जपानी भातशेती आली. मग कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आला आणि नेमका निर्जळी एकादशीच्या शेजारी बसला. मग युरिया आला, एस.टी.चं वेळापत्रक आलं, भाग्यांक आले. बदललं नाही ते डाव्या कोपऱ्यातलं भोक, त्यातला लाल दोरा, आणि बाविसावं पान.

बाविसाव्या पानावर पावसाची नऊ नक्षत्रं आणि त्यांची वाहनं. प्रत्येक नक्षत्रापुढे वाहनाचं चित्र, म्हणजे अक्षर न येणाऱ्यालाही कळावं. मृग नक्षत्र म्हशीवर, बेडकावर किंवा हत्तीवर बसून आलं तर पाऊस दाबून. गाढवावर किंवा मेंढ्यावर आलं तर हात राखून.

टेंबवाडीत चौदा घरं आणि पंचांग एक. ते भागोजीच्या घरी. भटजींनी डोंगर चढणं सोडलं तेव्हा वाचनाचा मान त्याच्या आज्याकडे आला. पाडव्याला सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या दगडी ओट्यावर, सगळी वाडी जमते, भागोजी पंचांगाचा लाल दोरा सोडतो, वाचतो आणि नारळ घेऊन घरी जातो. पाडव्याआधी दोरा सोडायचा नाही, हा नियम. नवऱ्यामुलीचं तोंड आधी बघून ठेवलं तर लग्नाला काय अर्थ, असं त्याचा आजा म्हणे.

कोकणात रेल्वे पुरी सुरू झाली त्या सालचा पाडवा. भागोजीने दोरा सोडला, सालाचा राजा वाचला, मंत्री वाचला, धान्येश वाचला. लोक जांभया देत होते, कारण राजा कोणी का असेना, टेंबवाडीला तो भेटत नाही. बाविसाव्या पानाची वेळ आली तशी माणसं सावरून बसली. भागोजीने पान उलटलं.

पानावर आगगाडीचं इंजिन होतं. खाली चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी, येण्याची वेळ, सुटण्याची वेळ. भागोजीने एक पान मागे जाऊन पाहिलं, तिथे गुरांची औषधं. एक पान पुढे गेला, तिथे नायट्याचं मलम पुन्हा.

“मृग नक्षत्र,” तो म्हणाला आणि थांबला.

“वाहान?” लवूची आये म्हणाली. लवू मुंबईला. ही सत्तरीची म्हातारी एकटी राहते आणि वाचनाला पहिल्या रांगेत बसते.

समोर महिपत बसला होता. मुंबईच्या गिरणीत वीस वर्षं काढून, गिरणी बंद पडल्यावर तो एक रेडिओ घेऊन परत आला होता. वाचनबिचन आता पुरे, रेडिओ सांगतो तेवढं ऐकावं, असं तो होळीपासून बोलत होता. पान नाही म्हणावं तर आज्याचा मान महिपतच्या रेडिओवर जाऊन बसणार. भागोजीने वर पाहिलं. महिपतची म्हैस सहाणेच्या दगडाला मान घाशीत उभी होती.

“म्हस,” भागोजी म्हणाला.

माणसांच्या तोंडावर समाधान पसरलं.

“चित्र दाखव रे,” लवूची आये म्हणाली. दर साली तो पंचांग फिरवून सगळ्यांना चित्र दाखवत असे.

“यंदा बारीक छापलाय. लांबून दिसायचा नाय,” भागोजी म्हणाला आणि पंचांग पत्ते धरावेत तसं छातीशी धरलं.

“आर्द्रा?”

आता सहाणेवरून एक कोंबडी चालली होती. पण कोंबडी शास्त्रात बसत नाही. “मेंढा,” तो म्हणाला. एकदा सुरुवात झाल्यावर जड गेलं नाही. घाम पुसत पुसत त्याने नऊच्या नऊ नक्षत्रांना वाहनं पुरवली. एवढ्या गाड्या वेळेवर काढणं डेपोलाही जमत नाही.

मृगाला म्हैस निघाली की टेंबवाडीत धूळपेर होते. रोहिणी लागली की भाजलेल्या वाफ्यात, कोरड्या धुळीतच बी टाकायचं आणि वर बघत बसायचं. पाऊस दाबून आला तर रोप पंधरा दिवस पुढे. शिंतडून गेला तर बी उगवतं आणि करपतं, म्हणजे बीही गेलं आणि पंधरा दिवसही. वाहन हलकं असेल तर लोक थांबतात, ओल बघून पेरतात. पण यंदा म्हैस होती.

रोहिणीच्या दुसऱ्या दिवशी भागोजीने मानाची पहिली मूठ टाकली. ती जरा एका बाजूला पडली. मागोमाग तेरा घरांनी पेरलं. लवूच्या आयेने कणगी उपडी करून झाडली, दोन पायल्या बी निघालं, ते सगळं तिने वाफ्यात टाकलं. बाकीच्यांकडे अडीनडीला थोडं बी मागे असतं. हिच्याकडे नव्हतं.

“मागं ठेवलास काय थोडा, आये?” भागोजीने विचारलं.

“कशाला? म्हस हाय ना,” ती म्हणाली आणि दाताळं घेऊन बी मातीत ओढू लागली.

त्या दिवशी भागोजी जेवला नाही. पोटात वात धरलाय म्हणाला. बायकोने, चिमाने, ओव्याचं पाणी दिलं. वाताला ओवा चांगला, पण हा वात पाडव्याचा होता.

मृग लागला त्याच दिवशी दोन सरी आल्या. वाफे हिरवे झाले, पोपटाच्या पिलासारखे. मग आभाळ झाडून घेतल्यासारखं स्वच्छ झालं. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. डोंगरमाथ्याच्या सड्यावरचा कातळ अनवाणी पायाला सोसेना. वाफ्यातल्या रोपांची टोकं आधी पिवळी झाली, मग मुरडली. माणसं बांधावर येत, बघत आणि परत जात. कोणी भागोजीला काही म्हणालं नाही. शिव्या दिल्या असत्या तर त्याला दोन घास गेले असते.

सहाव्या दिवशी तो पहिल्या एस.टी.ने चिपळूणला गेला.

पंचांगकर्ते आप्पा त्या वेळी एकोणऐंशी वर्षांचे. छापखाना मुलाकडे, देवदत्ताकडे, सोपवून ते पुढच्या खोलीत पंखा वारत बसत. मागच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या रेघा होत्या, आणि प्रत्येक रेघेवर साल लिहिलेलं.

“टेंबवाडी ना? बस,” आप्पा म्हणाले. दर शिमग्यानंतर हा माणूस स्वतः येऊन एक पंचांग नेतो, म्हणून ते त्याला ओळखत.

“आप्पा, बाविसावं पान.”

“आगगाडी. देवदत्ताची कल्पना. अकराशे प्रती जास्त गेल्या. तक्रारीचं पत्र एकच आलं.”

“वाहानं कुठं गेली म्हणून?”

“संगमेश्वरची वेळ दहा मिनिटांनी चुकली म्हणून.”

भागोजीने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “मृगाचा वाहान यंदा काय हुता? छापलाव नाय, पन गणित तर केला असाल.”

आप्पांनी गणित केलं होतं. इतक्या वर्षांची सवय, पान गेलं म्हणून जात नाही. त्यांनी वही काढली, चष्मा बदलला. “गाढव,” ते म्हणाले.

“परत बगा.”

“परत बघून काय? भागाकार आहे तो. नवांनी भागायचं. बाकी आठ उरली, आठ म्हणजे गाढव. सात उरली असती तर म्हैस.”

“म्हंजे एकानं गेली,” भागोजी म्हणाला, आणि पाडव्याची सगळी हकिगत त्याने सांगितली. आप्पा मधेच हसतील असं त्याला वाटलं होतं. ते हसले नाहीत.

“तुला एक सांगतो,” ते म्हणाले. “एका पुरात आमचा म्हशीचा ठसा वाहून गेला. नवा मुंबईहून करून आणायचा तर परवडेना. नऊ वर्षं मी म्हशीच्या जागी हत्ती छापला. दोघांचा पाऊस सारखाच. राग आला तर म्हशीला येईल, म्हटलं.”

“आनि पाऊस?”

“पाऊस कुठे पंचांग विकत घेतो?”

भागोजीने टोपी परत डोक्यावर घातली. “तुमी हितं बसून छापलाव, आप्पा. मी बांधावर हाय. म्हातारीनं दोन पायली टाकलान माज्या तोंडाकडं बगून.”

“किती घरांनी पेरलं?”

“चवदा.”

आप्पांनी पंखा खाली ठेवला. “चौदा,” ते म्हणाले. “मला वाटायचं, लोक एकादशी बघतात आणि टांगून ठेवतात.” मग त्यांनी मागे चहा सांगितला. भागोजी निघाला तेव्हा चिठ्ठीवर ‘मृग – गाढव’ असं लिहून खाली सही करून दिली. त्याने काय होणार होतं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं, पण छापखान्यातून माणूस रिकाम्या हाताने जाऊ नये. खिशात गाढव घेऊन भागोजी दुपारी वाडीत उतरला.

वाफ्यांजवळचा पऱ्या, म्हणजे ओहोळ, आटला होता. खाली कोंडात, पऱ्याच्या डोहात, मात्र कंबरभर पाणी होतं. भागोजीने कावडीला तेलाचे दोन डबे बांधले आणि तिसऱ्या डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडली. कोवळ्या रोपावर पाणी ओतून चालत नाही, शिंपावं लागतं. कोंडापासून वाफ्यांपर्यंत चढ असा की रिकामा माणूसही दोनदा थांबतो. भर दुपारच्या उन्हात, वाडी कलंडलेली असताना, त्याने पहिली खेप केली. आधी लवूच्या आयेचा वाफा.

तिसऱ्या खेपेला म्हातारी बांधावर येऊन उभी राहिली. “काय रे भागोजी, माज्या वाफ्यात काय करतंस?”

“वाट चुकलो.”

“पान्याचे डबे घेवन?”

भागोजी भोकाचा डबा रिकामा होईपर्यंत हलवत राहिला.

“त्या कोपऱ्यात कोरडा राहिला,” ती म्हणाली आणि निघून गेली.

आठ खेपा तिच्या वाफ्याला, मग शेजारच्या दोघांना, आणि संध्याकाळ व्हायच्या आत उरेल त्यात आपल्या. दुसऱ्या दिवशी उजव्या खांद्याचं कातडं गेलं, तिसऱ्या दिवशी डाव्याचं. चिमाने खोबरेल लावलं. लावताना बोटं अशी फिरवली की तो दोनदा ओरडला.

“चिमा,” तो म्हणाला, “पंचांगात म्हस नवती.”

“म्हायत हाय.”

“तुला कुनी सांगितलान?”

“पंचांग खिळ्याला कुनी लावला? रोज फडक्यानं पुसते. मला अक्षर नाय येत. पन म्हस वळखता येते. आगगाडी पन येते.”

“मंग बोललीस का नाय?”

“मान तुमच्या घराण्याचा. म्हस पन तुमचीच. मी कशाला मदी पडू?” ती खोबरेलाची वाटी घेऊन उठली. “उद्या माजा हंडा पन घ्या. तुमच्या डब्यातला निम्मा पानी वाटेत सांडताव.”

चौथ्या दिवसापासून ती डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन त्याच्या पुढे चालू लागली. तिचं पाणी सांडत नव्हतं. भागोजीला ते चार पावलं मागून दिसत राही, आणि कातडं गेलेल्या खांद्यापेक्षा तेच जास्त झोंबे.

पाचव्या दिवशी महिपत बादली घेऊन कोंडावर आला.

“रेडिओ म्हनतो, कमी दाबाचा पट्टा हाय. चार दिवसांत पाऊस,” तो म्हणाला.

“कुठले चार?”

“ता नाय सांगत.” त्याने बादली बुडवली. वीस वर्षं यंत्रावर उभा राहिलेला माणूस, वाकायची सवय मोडलेली. दोन खेपांत त्याची कंबर धरली, तरी तो बादली ठेवून गेला नाही. “माजा वाफा पन तितंच हाय,” तो उगाच म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात त्याची म्हैस मागोमाग उतरली आणि सरळ कोंडात जाऊन बसली. सगळं पाणी ढवळून निघालं. अर्धा तास तिघं तिच्या मिनत्या करत होते. मृगात म्हैस आली ती अशी.

आर्द्रा लागून दुसऱ्या दिवशी पाऊस आला. दुपारी भागोजी चढ अर्धा चढून गेला होता. डब्यातल्या पाण्यावर वरून थेंब पडायला लागले. तो थांबला नाही. वाफ्यापर्यंत गेला, भर पावसात ते दोन डबे शिंपून टाकले आणि मग कावड खाली ठेवली. आणलेलं पाणी परत नेणं त्याच्या अंगात नव्हतं.

लवूच्या आयेचं निम्मं रोप वाचलं होतं. भागोजीच्या वाफ्याला नेहमी शेवटी पाणी मिळालं, तिथे तिसरा हिस्सा गेला. राहिलेल्यातून त्याने म्हातारीला पुरेल एवढ्या जुड्या उपटून काढल्या. चिमा जुड्या बांधत होती. तिने मोजल्या नाहीत, फक्त वरच्या कोपऱ्याकडे एकदा पाहिलं. तो कोपरा यंदा भाताविना राहणार होता.

“नाचनी लावू तितं,” भागोजी म्हणाला.

“लावू,” ती म्हणाली आणि पुढची जुडी ओढली.

टेंबवाडीत लावणी फिरतीने होते, आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. लवूच्या आयेच्या मळ्याची पाळी आली तेव्हा चौदाही घरची माणसं चिखलात होती. सकाळपासून वाकलेल्या पाठी न्याहारीला बांधावर सरळ झाल्या. पाऊस जरा थांबला होता, म्हणून पावसात डोक्यावरून पाठीवर घेतात त्या खोळी बांधावर उतरवून ठेवल्या होत्या. भाकऱ्या सुटल्या, सुकटीची चटणी या हातातून त्या हातात गेली. बसायला कोरडं असं काही नव्हतंच. ज्याला जे सापडलं त्यावर तो बसला. भागोजीने भाकरी हातातच धरून ठेवली होती.

“मला बोलायचा हाय,” तो म्हणाला.

“बोल की,” महिपत म्हणाला.

“पाडव्याला मी जी म्हस वाचली, ती पंचांगात नवती.”

माणसं चावत राहिली.

“माजी हुती,” महिपत म्हणाला. “तू तिच्याकडं बगितलास तवाच मला कळला.”

“तुला म्हायत हुता?”

“सगळ्यांना म्हायत हुता. दर साली चित्र दाखवतंस, यंदा छातीशी धरलास. दुसऱ्या दिवशी तुज्या वटीवर एकादशी इचारायला कितीजन आली नि पान बगून गेली? एकादशी का बदलते रोज?”

भागोजीने खिशातली चिठ्ठी काढली. ती घामाने आणि पावसाने लगदा झाली होती, तरी सही दिसत होती. “खरा वाहान गाढव हुता. आप्पांनी लिवून दिलाय. मंग म्हायत असून पेरलाव कशाला तुमी?”

सगळ्यांनी धोंडूकडे पाहिलं. वाडीतला सगळ्यात म्हातारा पुरुष तो. त्याने घास गिळला.

“कुनीतरी पयली मूठ टाकाया लागते,” धोंडू म्हणाला. “तू टाकलास. वाट बगत बसला तर चवदा जनांचं चवदा वाद. आनि यंदा गाढवाला थांबलो असतो, तर मंग पाऊस आला असता. आमचा नशीब असाच हाय.”

“पन आर्द्राचा मेंढा कुठनं काढलास रे?” मागून कोणी विचारलं. “वाडीत तर कुनाकडं नाय.”

काहीजण हसले. भागोजी हसला नाही. त्याने चिठ्ठी पाण्यात सोडली. “आयेचा निम्मा रोप गेला, ता माज्या तोंडामुळं गेला. पुढल्या पाडव्याला वाचन महिपतानं करावा. नारळ त्याचा, पयली मूठ पन त्याची.”

आता मात्र चावणं थांबलं. आज्यापासूनचा मान बांधावर, सुकटीच्या चटणीशेजारी ठेवला गेला होता. महिपत होळीपासून जे मागत होता ते त्याच्यापुढे आलं होतं. त्याने चिखलाचे हात एकमेकांवर घासले.

“वाचनारा चुकला तर त्यानं वाफ्यांना पानी घालायचा, हां आता नियम पडला,” तो म्हणाला. “माजी कंबर तेवढी नाय. तूच वाच. रेडिओ मी सहानेवर आनीन. दोघं मिळून चुकू.”

धोंडूने मान हलवली. म्हणजे ठरलं. चिमा खाली बघून चटणीचं फडकं घडी घालत होती, आणि एका घडीला तिला नको इतका वेळ लागत होता. भागोजीच्या हातातली भाकरी अजून तशीच होती. काही बोलावं, हात जोडावेत, असं त्याला वाटत होतं. तो लवूच्या आयेकडे वळला.

“आये, तू पन सांग काय ता,” तो म्हणाला. “तुजा सगळ्यात जास्ती गेला.”

म्हातारीने आभाळाकडे पाहिलं. डोंगराच्या अंगाने सर येत होती.

“तुजा झाला बोलून?” तिने विचारलं.

“झाला.”

“मंग वायच उठ. कवाधरनं माज्या खोळीवर बसलायस.”